पांढुर्ण्याचं चंक्रमण

७ सप्टेंबर १९५६, पांढुर्णा

काल हिला घेऊन नागपूरला जाऊन आलो. उन्हाळ्यापासून हिच्या अंगातून मधूनच वाफा निघतात, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, आणि त्या वेळी जो समोर असेल त्याची चूक असते. समोर बहुधा मीच असतो. हा पित्तप्रकोप, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. संस्कृत येतं एवढ्या भांडवलावर मी हिला धण्याजिऱ्याचं पाणी पाजत होतो. ही ते निमूटपणे तुळशीला घालत होती, हे तुळस वाळली तेव्हा कळलं.

डॉक्टर विलायतेहून शिकून आलेले, धंतोलीत दवाखाना. त्यांनी हिच्या दंडाला पट्टा बांधला, रबराचा गोळा दाबला, पाऱ्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे असं बघितलं की जणू तो पारा मीच चढवला. म्हणाले, बाईंची पाळी जायच्या बेतात आहे. तोवर शरीराला एक संरक्षण असतं, ते आता उठतंय. या वयात रक्तवाहिन्या ताठर व्हायला लागतात, ब्लडप्रेशर चढतं, आणि हृदयाचं दुखणं बायकांना गाठतं ते इथून पुढे. मीठ कमी करायचं आणि रोज सकाळी झपाझप चालायचं.

किती झपाझप, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बोलता येईल, पण भांडता येणार नाही, इतकं."

परतीच्या गाडीत मी हिला म्हटलं की आपल्या संसाराने हा वेग आजवर कधी गाठलेला नाही, प्रयत्न करून पाहू. ही हसली नाही. नरखेड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. भूक लागली असावी.

९ सप्टेंबर

आज ही चालायला निघाली आणि गावाने चालू दिलं नाही.

आमच्याकडे बाई पायी निघाली तर डोक्यावर घागर हवी, काखेत गाठोडं हवं, नाहीतर कडेवर पोर हवं. रिकाम्या हाताने सरळ समोर बघत झपाझप जाणारी बाई म्हणजे एकतर घरात कोणी गेलं, किंवा ती नवऱ्याशी भांडून माहेरी निघाली. शेजारच्या केसरबाई ओट्यावरच होत्या. त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे, घरात सुना आहेत, आणि आवाज नदीपलीकडे सावरगावपर्यंत पोचतो. त्यांनी विचारलं, "काहून वं वहिनी, कोन गेलं?" कोणी नाही, असं ही म्हणाली. "मंग घाईनं कोठी जाऊन राहिल्या?" कुठेच नाही, हे उत्तर ऐकून केसरबाईंना खात्री पटली की प्रकरण गंभीर आहे.

कापसाच्या जिनिंगपाशी रामाजी टांगेवाला मागे लागला. वार्ताहराची बायको पायी जाते, हे त्याला बघवेना. ही बसत नाही म्हटल्यावर त्याने घोडा हिच्या चालीने चालवला आणि स्टेशनपर्यंत रिकामा टांगा हिच्या मागे गेला. दृश्य मिरवणुकीचं झालं. ही परत येईपर्यंत आमच्या अंगणात माणसं टोप्या काढून बसली होती. मी जिवंत बाहेर आलो तेव्हा त्यांचा जरा विरसच झाला. सगळ्यांना चहा द्यावा लागला.

आत्ताच पोळ्याच्या करीला याच गावाने जाम नदीच्या दोन काठांवर उभं राहून एकमेकांना गोटे मारले. पुष्कळांची डोकी फुटली. त्याला परंपरा म्हणतात. बाई चालली, तर गावाला काळजी.

१३ सप्टेंबर

हातात काही असलं की लोक विचारणार नाहीत, असा मी सल्ला दिला आणि मातीच्या तेलाचा, म्हणजे रॉकेलचा, रिकामा डबा दिला.

परिणाम असा झाला की दुकानात तेल आलं असं गावाने मानलं. ही झपाझप जाते म्हणजे तेल थोडंच आलं असणार, असंही मानलं. बाजारापर्यंत हिच्या मागे डबेवाल्यांची रांग लागली. ही वेग वाढवी, तशी रांग पळे. स्टेशनापाशी ही वळली, तर रांगही वळली. तेलाच्या दुकानदाराने ते लांबून बघितलं आणि फळ्या लावून तो मागच्या दाराने गेला. संध्याकाळी मला आमच्या दैनिकाकडून विचारणा आली, पांढुर्ण्यात तेलटंचाई असल्याचं खरं काय?

हिने डबा परसात फेकला. उद्यापासून जाणार नाही म्हणाली. मी म्हटलं, बरं, विश्रांती घे. यावर हिने माझ्याकडे जे बघितलं ते मी वाफेच्या खात्यावर टाकलं.

२२ सप्टेंबर, सौसर

मोठ्या मेहुणीला, कलाबाईंना, बघायला आलो. पाळी गेली त्याच्या पुढच्या सालीच त्यांना लकवा मारला. तेव्हापासून डावं अंग गेलंय. त्याआधी त्यांनाही छातीत धडधड होई. साडूंनी आज पुन्हा अभिमानाने सांगितलं, की तेव्हापासून त्यांनी बायकोला घरात काडी उचलू दिली नाही. पाणीसुद्धा हातात दिलं. माणूस खरोखर प्रेमळ आहे.

ही बहिणीचे केस विंचरत बसली होती. कलाबाईंना बोलता येतं, पण शब्द तिरके निघतात. त्या काहीतरी म्हणाल्या, ते मला कळलं नाही. हिला कळलं. हिच्या हातातली फणी थांबली.

परतताना मोटारीत निम्म्या वाटेत ही म्हणाली, "मला असं पडून राहायचं नाही. काही करा. तुम्हाला इतकं संस्कृत येते ना?"

संस्कृताचा असा उपयोग हिने पहिल्यांदाच विचारला.  खरं लिहायचं तर मला घाम फुटला होता.

२४ सप्टेंबर

सुचलं. बाई कारणाशिवाय चालू शकत नाही, पण पुण्यासाठी ती काहीही करू शकते. उपाशी राहते, वडाला दोरा गुंडाळते, वाळूची पिंड करून पुजते, आणि कोणी टोपी काढून अंगणात येऊन बसत नाही. तेव्हा चालण्याचं व्रत पाहिजे. शास्त्रात नाही, हा शास्त्राचा दोष. तो आज दुपारी दुरुस्त केला.

नाव ठेवलं चंक्रमणव्रत. चंक्रमण म्हणजे पुन्हा पुन्हा पावलं टाकणं. वैद्यकात हा शब्द आहे, म्हणजे मी अगदीच खोटं बोलत नाही. श्लोक असा उतरला:

प्रातरुत्थाय या नारी द्रुतं गच्छति नित्यशः ।
हृदयं सुदृढं तस्याः पतिश्चापि न शोचति ॥

पहाटे उठून जी नारी रोज झपाझप चालते, तिचं हृदय बळकट होतं आणि नवऱ्यालाही रडायची पाळी येत नाही. चौथा चरण फलश्रुतीत बसत नाही, हे मला कळतं. पण तो आपसूक आला, मी खोडला नाही.

कथाही लिहिली. एका नगरात एक सावकारीण, तुळशीपर्यंतसुद्धा गाडीने जाणारी. यम न्यायला आला तेव्हा घाबरून ती चालत सुटली. यमाचा रेडा मागे पडला, धापा टाकू लागला, आणि यम त्याला पाणी पाजायला थांबला तो थांबलाच. हिने कथा वाचली. म्हणाली, रेडा चांगला आहे.

पितृपंधरवड्यात नवं व्रत नको. घटस्थापनेपासून सुरू.

५ ऑक्टोबर, घटस्थापना

अपेक्षेपेक्षा जास्त झालं. ही एकटी जाईल असं वाटलं होतं, पण बाहेर बघतो तर केसरबाई, त्यांची नणंद, शिंप्याची बायको, शाळेतल्या शिक्षिका छायाबाई, अशा आठ-दहा जणी. सगळ्या चाळीस-पन्नाशीच्या. तरुण सुनांना केसरबाईंनी घरी बसवलं. हे व्रत तुमच्या वयाचं नाही, म्हणाल्या. पोथीत वयाची अट नव्हती. विचारलं तर केसरबाई म्हणाल्या, "तुमाले नाई समजनार भाऊजी. तुमी फकस्त लिवा."

सगळ्या वऱ्हाडातल्या वरूडच्या रस्त्याने गेल्या आणि लाल होऊन परत आल्या. ज्या गावात कोन गेलं म्हणून विचारत होते, तिथे आज लोकांनी बाजूला होऊन हात जोडले. रामाजीने टांगा थांबवून घोड्याच्या डोळ्यांवर हात ठेवला. कशासाठी, ते त्याला माहीत.

११ ऑक्टोबर

व्रताला फाटे फुटायला लागले आहेत. पुजाऱ्याने विचारलं, उद्यापनाला ब्राह्मण किती? केसरबाईंनी प्रसादाला शिरा ठरवला, तूप वर तरंगणारा, आणि परवा बायका जितका वेळ चालल्या त्याच्या दुप्पट वेळ बसून शिरा खात होत्या. शिंप्याच्या बायकोने मौन सुचवलं. पोथीकाराला कोणी विचारत नाही.

हिने मात्र दोन्ही गोष्टी मोडून काढल्या. शिऱ्याऐवजी फुटाणे केले. मौन तर साफ नाकारलं. बोलत बोलत चालायचं, ज्या बाईला बोलता येईना तिने हात वर करायचा आणि सगळ्यांनी हळू व्हायचं, असा नियम केला. केसरबाई फुटाण्यांवर नाराज आहेत, पण येतात.

आज बातमीसाठी वरूडच्या रस्त्यालाच गेलो होतो. बायकांचं जोरात बोलणं चाललं होतं, मध्येच हसण्याची लाट. मी जवळ गेलो तशा सगळ्या गप्प. माझ्या कथेवर चर्चा चालली असणार. लेखकासमोर संकोच होतो, हा माझा अनुभव आहे.

१६ ऑक्टोबर

काल संध्याकाळी आमच्या गावचे वकील पुंडलिकराव घरी आले. एक नोव्हेंबरला प्रांतांची वाटणी होते आहे. नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात जाणार, पांढुर्णा आणि सौसर हा मराठी मुलूख मध्यप्रदेशातच राहणार, राजधानी भोपाळला सरकणार. पुंडलिकरावांना हे मान्य नाही. गेले वर्षभर ते सभा घेतात, सभेला ते स्वतः आणि सतरंजीवाला येतो. काल त्यांचे डोळे पाणावले होते. म्हणाले, "मोरेश्वरराव, जे आम्हाला जमलं नाही ते वहिनींनी केलं. रोज पहाटे मातृशक्ती वरूडकडे तोंड करून चालून राहिली."

मी म्हटलं, त्या बाजूला सावली आहे म्हणून.

ते ऐकेनात. आज सकाळी फलक घेऊन बायकांच्या पुढे चालायला आले. जिनिंगपर्यंत पुढे होते, त्यानंतर बरोबर होते, त्यानंतर मैलाच्या दगडावर बसले. फलक केसरबाईंनी परत आणून दिला.

२२ ऑक्टोबर

ठाण्यातून बोलावणं. ठाणेदार साहेब जबलपूरकडचे, वर्षभरापूर्वी आले. माणूस सभ्य. समोर हवालदाराचा रिपोर्ट होता. बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "पंडितजी, ये आक्रमण कब है?"

रिपोर्टात लिहिलं होतं, पांढुर्ण्यातल्या महिला रोज पहाटे वरूडच्या दिशेने आक्रमणाचा सराव करतात. पूछताछ केल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं की हे आक्रमणव्रत आहे.

मी म्हटलं, साहेब, आक्रमण नाही, चंक्रमण. ते म्हणाले, फर्क क्या है? इथे मी थांबायला हवं होतं. पण प्रश्न व्याकरणाचा होता. मी सांगितलं की दोन्हींचा धातू एकच, क्रम्, म्हणजे पाऊल टाकणं. उपसर्ग लागला तर आक्रमण, द्वित्व झालं तर चंक्रमण. ठाणेदार साहेबांनी लिहून घेतलं: मूल एक ही है, लेखक ने स्वीकार किया.

हिला सांगितलं. ही म्हणाली, तुम्हाला कोणी काही विचारलं तर यापुढे मराठीत सांगत जा.

२६ ऑक्टोबर, नागपूर

डॉक्टरांनी पुन्हा पट्टा बांधला. पारा उतरला आहे. फार नाही, पण उतरला. छातीची धडधडही आटोक्यात. डॉक्टर खूश. जाताना मात्र म्हणाले, की हे औषधासारखं नाही, की बाटली संपली म्हणजे संपलं. बंद केलं तर पारा परत चढेल.

परतीच्या गाडीत ही बोलत होती. कलाबाईंना दोन्ही बाजूंनी धरून अंगणात उभं करता येईल का, डॉक्टरांना विचारलं म्हणाली. ही दवाखान्यात मागे का थांबली, असा मला प्रश्न पडला होता.

२७ ऑक्टोबर

काल रात्री परतलो तर ठाण्याचा हुकूम. वाटणीच्या दिवसांत शांतताभंग नको म्हणून चंक्रमण अनिश्चित काळासाठी बंद. चारपेक्षा जास्त बायका एका दिशेने दिसू नयेत. आणि व्रत ज्याने काढलं त्याने ते रद्द केल्याचं सोमवारी ठाण्यात येऊन लिहून द्यावं.

व्रत रद्द करण्याचा विधी शास्त्रात नाही. गणपतीचं विसर्जन होतं, व्रताचं होत नाही. तरीपण मला तो विधी रचता येईल, असं मनात आलं. चूक कबूल करतो, हिला विचारायच्या आधी मी दोन ओळी जुळवल्यासुद्धा. माझ्या नोकरीवर गदा नको, हे एक कारण. ठाणेदारांचा आवाज, हे दुसरं.

 ही आज सकाळी चालायला गेली नाही. दुपारी पुन्हा अंगातून वाफ निघाली आणि ही भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. मी पंखा घेतला. वारा घालता घालता मला सौसरची ती फणी आठवत राहिली.

२९ ऑक्टोबर

सही करायला गेलो. पुंडलिकराव कायद्याचं पुस्तक घेऊन आधीच हजर. ठाणेदारांनी कागद पुढे केला. मी दौतीत टाक बुडवला आणि बाहेर चपलांचा आवाज झाला. ही आत आली, मागून केसरबाई, मागून सगळ्या. चार-चारच्या टोळ्या करून, मध्ये अंतर ठेवून आल्या होत्या, हुकूम मोडायला नको म्हणून. ठाण्यात मात्र एकत्र झाल्या.

ठाणेदार उठून उभे राहिले. नरमाईने म्हणाले, "बहनजी, कुछ महीने की बात है. आराम कीजिए."

ही म्हणाली, "माझी बहीण आराम करून राहिली, साहेब. सौसरला. एका कुशीवर."

मग माझ्या हातातला टाक काढून हिने दौतीवर आडवा ठेवला.

"हे आक्रमण नाही. व्रतही नाही, यांनी आपलं मांडून दिलं होतं. आमची पाळी गेली आहे, साहेब. कोणाची जाऊन राहिली. छाती धडधडते, अंगातून वाफा निघतात, ब्लडप्रेशर चढते. चाललो तर उतरते, बसलो तर चढते. म्हणून चालतो. दुसरं काही नाही."

ठाण्यात असं काही झालं, जे मी इतक्या वर्षांच्या वार्ताहरीत बघितलं नव्हतं. मुन्शी लिहिता लिहिता थांबला आणि टेबलाखाली काहीतरी शोधू लागला. हवालदार दारात होता, तो रस्त्यावर गेला. पुंडलिकराव भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचत होते, मागच्या सालचं होतं. कोठडीत एक कोंबडीचोर होता, त्यानेही तोंड भिंतीकडे केलं.

केसरबाई पुढे झाल्या. "माही गेल्याले दोन सालं झाली. ह्या माह्या नणंदेची अर्धी गेली, अर्धी हाये. छायाबाईची तं—"

"नहीं, नहीं," ठाणेदार म्हणाले.

"लिवून घ्या ना, साहेब. एक-एकीचं सांगतो."

ठाणेदारांनी मान वर केली नाही. माझ्या पुढचा कागद ओढला, उलटा केला आणि मागे लिहिलं: चलने दिया जाए. शिक्का मारला, तो इतका जोरात की दौत सांडली.

बाहेर आल्यावर मी हिला विचारलं, व्रत नाही असं सगळ्यांसमोर म्हणालीस, आता या बायका यायच्या कशा? ही म्हणाली, "त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मीच सांगितलं. प्रत्येकीला तेच होऊन राहिलं होतं, बोलत कोणीच नव्हतं."

मग माझी पोथी?

"ती घरच्यांना दाखवायला. सासवांना, नवऱ्यांना. फार उपयोगी पडली."

बरं आहे. पोथी वाचली गेली तर. नवऱ्यांनी का होईना.

१ नोव्हेंबर

सकाळीच संपादकांची तार: नव्या राज्याच्या पहिल्या दिवशी पांढुर्ण्यातील लोकभावना कळवा.

लोकभावना बघायला निघालो. पुंडलिकराव काळी फीत लावून ओट्यावर बसले होते, ती नीट दिसावी म्हणून दंड पुढे करून. शाळेत पेढे वाटले. पोस्टमास्तर म्हणाले, नागपूर कालपर्यंत आपलं होतं, आता परराज्य झालं, पण तिकीट तेवढंच लागते. हिचा डॉक्टर परराज्यात गेला, माझं वर्तमानपत्रही.

वरूडच्या रस्त्यावर बायका भेटल्या. आज त्यांच्यात एक नवीन बाई होती, सरळ पदराची, जबलपूरकडची वाटली. पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट, तेही मोठे. तिला पाय उचलवेना, चेहरा लाल झाला होता, आणि पदराने वारा घेत होती. ही तिच्यासाठी हळू झाली, म्हणून सगळ्याच हळू झाल्या. वाटेत हवालदार भेटला, त्याने टाचा जुळवून सलाम ठोकला. मला कधी ठोकत नाही. वार्ताहराचा मान वाढला म्हणायचा.

मला बघून बायका गप्प झाल्या नाहीत. बोलतच राहिल्या. आज प्रथमच ऐकू आलं की विषय माझी कथा नव्हता. मीच वेग वाढवून पुढे निघून गेलो.

घरी येऊन तार लिहिली: पांढुर्ण्यात सर्वत्र शांतता आहे. बायका चालून राहिल्या आहेत.

दुसरं वाक्य संपादक काढतील. त्यांच्या मते ती बातमी नाही.